उकडीतली वाकटी

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावानंतर मी दोन बळे, म्हणजे मोठ्या वाकट्या, पट्ट्यासारखे लांब मासे, निवडले, तेव्हा विकणाऱ्या मावशीने विचारलं, "बाय, खायाला का सुकवायला?"

"मोजायला," मी म्हटलं.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि न मागता दहा रुपये कमी केले. दया आली असावी.

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळ भरपूर आहे आणि कुणी प्रश्न विचारत नाही. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला दुसरी गोष्ट जास्त बोचते. त्यामुळे झुरिकला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर दोन फोटो टाकून "बाई, ही वाकटी आहे ना?" असं विचारलं, तेव्हा झोप उडाली ती आनंदानेच.

फोटोत काळी पाटी होती. शाळेत आम्ही वापरायचो ती, थुंकीने पुसली की मार मिळायचा ती दगडी पाटी असते ना, त्याच जातीचा दगड. आणि त्यावर मासा. पट्ट्यासारखा लांब, पाठीवर काट्यांची सलग झालर, तोंडात सुळे. शेजारच्या पाजपंढरी गावात अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली वाकटी कुणीतरी इस्त्री करून दगडात बसवली असावी, असा. दुसऱ्या फोटोतला मासा मात्र आखूड होता आणि अंगाने चांगला रुंद. मला तो दुसराच कुठला तरी वाटला. पण दोन्हींच्या खाली चिठ्ठीवर नाव एकच: ॲनेंकेलम ग्लेरिसियानम.

हा प्रकार काय आहे ते शोधायला दोन रात्री गेल्या. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे एंगी या गावाजवळ पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत. त्या दगडाची छपरं झाली, टेबलं झाली आणि शाळेच्या पाट्याही झाल्या. फरशा काढताना कामगारांना त्यात मासे सापडायचे. १७०८ साली शोइख्त्सर नावाच्या स्विस विद्वानाने अशा दगडी माशांची चित्रं छापली होती. त्याच्या मते ते नोहाच्या जलप्रलयात मेलेले मासे, आणि त्याने त्या माशांनाच बोलतं करून माणसांविरुद्ध फिर्याद मांडायला लावली होती. पाप तुमचं, मेलो आम्ही. आमच्या बंदरावरचे मासे बोलायला लागले तर वेगळं काही म्हणतील असं वाटत नाही.

हे मासे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे. आल्प्स वर येत होता आणि त्याच्यापुढे एक खोल समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ साचत होता, त्या गाळात हे गाडले गेले. ॲनेंकेलम ही प्रजाती आज जगात कुठेच नाही. ती होती खोल पाण्यातली, आणि आपल्या बळ्याच्याच कुळातली. त्याच दगडात अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले छोटे मासेही मिळतात, म्हणजे अंधारात राहणारी मंडळी तिथे होती. आपल्याकडे असलं काही मिळायची आशा नाही. आमच्या अंगणाखाली जांभा, त्याच्याखाली काळा कातळ. हा कातळ लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तो मासा पोहत होता तेव्हाच आपला डोंगर साडेतीन कोटी वर्षांचा म्हातारा होता. रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभ्याखालच्या मातीत काळं पडलेलं लाकूड निघतं, पण मासा काही निघत नाही.

खरी गंमत नावांत होती. लुई आगासी हा त्या काळचा माशांच्या जीवाश्मांचा सगळ्यांत मोठा जाणकार. १८३३ ते १८४३ या दहा वर्षांत त्याने जीवाश्म माशांचे जाडजूड खंड काढले. एंगीच्या दगडातल्या या पट्ट्या माशांच्या त्याने एक नाही, अनेक जाती केल्या. एक लांबट, एक रुंद, एकाचे काटे तिरके, एकाची पाठ उंच. त्यानंतर अलेक्झांडर वेटश्टाइन या तरुण भूवैज्ञानिकाने १८८६ साली दाखवून दिलं की या बहुतेक जाती एकच मासा आहेत. वेगळा होता तो दगडाचा ताण. डोंगर वर येताना तो सगळा थर चेपला गेला, एका दिशेने ताणला गेला. जो मासा ताणाच्या दिशेनेच झोपला होता तो लांबुडका झाला. जो त्याच्या काटकोनात होता तो आखूड आणि जाडा. जो तिरपा होता त्याचे सगळे काटे एका बाजूला कलले. (हा वेटश्टाइन पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, युंगफ्राऊ शिखरावर आणखी पाच जणांसोबत मेला. हे वाचून मी उगाचच अर्धा तास काही केलं नाही.)

वाचलं, कळलं. पण शिक्षकाला कळणं पुरत नाही, हाताने करून पाहावं लागतं. मी विद्यार्थ्याला कळवलं, "थांब, करून दाखवते." आणि म्हणून ते दोन बळे.

नावांचा गोंधळ आधीच मिटवते. आमच्याकडे मोठा, ताजा असेल तर बळा आणि लहान किंवा सुकवलेली असेल तर वाकटी. पुस्तकातलं नाव ट्रायक्युरस लेप्ट्युरस. खवले नाहीत. अंगावर नुसता चांदीचा वर्ख, तो हाताला लागतो आणि साडीलाही. शेपटीला पंख नाही, शेपूट बारीक होत होत दोऱ्यासारखं संपतं.

सांगाडा काढायचा म्हणजे मास शिजवून सोडवायचं. पण बळा होता दोन हातांच्या आसपास लांब, आणि तुकडे करायचे नव्हते. तुकडा केला की सुरी नेमकी मणक्यातून जाते आणि मोजणीत घोटाळा. म्हणून लग्नकार्यातली मोठी परात काढली, त्यात पाणी तापवलं आणि बळ्याचं वेटोळं करून आत सोडला. सासूबाई वय वर्षं चौऱ्याऐंशी, चुलीपाशी त्यांचं लक्ष आजही माझ्यापेक्षा बारीक.

"मीठ नाय घातलंस गो?"

"आई, हे खायचं नाहीये."

"मग कोकम तरी घाल. वास तरी कमी येईल."

पहिला बळा वाया गेला. गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात फोन आला, बोलणं लांबलं. परतले तेव्हा परातीत माशाची पेज झाली होती. मणके सुटे होऊन तळाशी बसले होते, साबुदाण्यासारखे. गाळून घेतले, पण सुट्या मण्यांची माळ कोणत्या क्रमाने ओवायची हे कोण सांगणार? मांजरीची मात्र त्या दिवशी दिवाळी झाली.

दुसऱ्याला सात मिनिटं दिली, घड्याळ समोर ठेवून. पाणी उकळू दिलं नाही, नुसतं वाफाळत ठेवलं. मग पाटावर काढून स्वेटरच्या सुईने आणि भुवयांच्या चिमट्याने मास सोडवायला बसले. पाठीकडून सुरुवात केली. बळा खाणाऱ्या घरात हे हाताला माहीत असतं: पाठीच्या झालरीच्या दोन्ही बाजूंनी चीर दिली की काट्यांची पट्टी अख्खी ओढून काढता येते. आज ती काढायची नव्हती, वाचवायची होती. पंखाचा प्रत्येक काटा खाली एका बारीक हाडावर टेकलेला असतो आणि ते हाड मणक्याच्या वरच्या काट्याशी जाऊन भिडतं. एवढी वर्षं मी हा मासा खात आले, ही जोडणी कधी पाहिली नव्हती. ताटात ती काट्यांची कटकट असते. पाटावर ती एखाद्या बारीक कंगव्यासारखी दिसली, एकेक दात आपापल्या जागी.

साडेचार तास गेले. मानेला रग लागली. सांगाडा फळीवर टाचण्यांनी ताणून बसवला, मेडिकलमधून आणलेल्या पेरॉक्साइडमध्ये कापूस बुडवून पुसला, आणि फळीच्या चारी कोपऱ्यांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. नाहीतर मुंग्यांनी रातोरात उरकलं असतं.

मोजणी म्हणजे डोकेदुखी. पहिल्यांदा १४८ आले, दुसऱ्यांदा १५३. भिंगातून बघताना नजर एक मणका पुढे सरकते आणि आकडा मागे राहतो. शेवटी दर दहाव्या मणक्याला तांबडा दोरा बांधला आणि नातवाला शेजारी बसवून मोठ्याने म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा १५१. चौथ्यांदाही १५१. तो आकडा धरला.

पण या जातीत १६० च्या पुढे मणके असतात, असं वर्णनात आहे. माझे दहा-बारा कमी. मग शेपटीकडे नीट पाहिलं. टोक दोऱ्यासारखं संपत नव्हतं, बोथट होतं. तुटलेलं. बळे एकमेकांना खातात हे मला माहीत होतं. कळपातला मोठा भाऊ मागून येऊन शेपूट चावतो. मी लगेच विद्यार्थ्याला सविस्तर लिहिलं: स्वजातिभक्षण, समुद्रातली झुंज, निसटलेला जीव, वगैरे. लिहिताना मला स्वतःलाच बरं वाटत होतं. पुन्हा वर्गात उभी आहे असं.

आता ताणायचं होतं.

आधी शाडूची माती आणली. सांगाड्याचा ठसा सुरेख उमटला, पण ताण देताच मातीला भेगा. पाणी वाढवलं तर चिखल. कणीक करून पाहिली, तर ती रबरासारखी मागे येते. ताणलं की ताणते, सोडलं की मासा पुन्हा आपल्या मापाला. दगड असा मागे येत नाही. मला हवं होतं असं काहीतरी जे दाबलं तर दबेल, ताणलं तर ताणेल आणि तसंच राहील. विचार करत स्वयंपाकघरात उभी होते आणि संकष्टीच्या मोदकांची उरलेली उकड ओल्या फडक्याखाली समोर दिसली.

तांदळाची उकड. तेलाचा हात लावून मळलेली, मऊ, भेग न जाणारी. मोदकाची पारी ओढावी तशी ती ओढली जाते आणि जिथे नेली तिथेच थांबते.

मी दार लोटून घेतलं. चंद्रोदय आदल्या रात्रीच झाला होता, नैवेद्य दाखवून झाला होता, उकड शिळी होती. तरी बाप्पाच्या उकडीत बळ्याचं हाडूक म्हणजे घरात महाभारत.

मधल्या भागातला वीस मणक्यांचा तुकडा सांगाड्यातून कापून घेतला, बारा सेंटिमीटर लांब. काटे धरून उंची तीन. दोन प्लास्टिकच्या कागदांत उकड जाडसर थापली, वरचा कागद काढला, तुकडा तिच्यात दाबून ठसा घेतला आणि कागद परत ठेवून लाटणं फिरवलं. ठसा पुसला गेला. अर्थातच जाणार, खड्डाच तो. एवढं लाटेपर्यंत मला सुचलं नाही, ही कबुली देऊन टाकते.

दुसऱ्या वेळी कोळशाची पूड वस्त्रगाळ करून हाडांवर बोटाने फासली आणि शिक्का मारावा तसा तुकडा उकडीवर हलकेच टेकवला. काळी, स्पष्ट छापणी आली. मणक्यांचे चौकोन, वर-खाली काट्यांच्या रेघा. तोच तुकडा पुन्हा पूड लावून काटकोनात टेकवला, आणि तिसऱ्यांदा तिरपा. एकाच माशाच्या तीन छापण्या, तीन दिशांना. वर प्लास्टिक, आणि लाटणं फक्त एकाच दिशेने: माझ्यापासून खिडकीकडे, खिडकीकडून माझ्याकडे. भाकरी-पोळीसारखी गोल फिरवायची नाही. हाताला सवय नसते, दोनदा चुकून फिरवणार होते.

कागद उचलला.

खिडकीच्या दिशेची छापणी बारावरून सतरा सेंटिमीटर झाली होती, उंची तीच तीन. नाजूक, लांबोडा मासा. काटकोनातली बाराच राहिली, पण उंची सव्वाचार. हा गुबगुबीत, फोटोतल्या दुसऱ्या माशासारखा. आणि तिरप्या छापणीत सगळे काटे वाऱ्यात झुकलेल्या सुरूच्या झाडांसारखे एका अंगाला. अनोळखी माणसाला दाखवले तर तीन वेगळे मासे म्हणेल. मीही म्हटलं असतं. आगासीने म्हटलं, यात त्याला हसण्यासारखं काही नाही. त्याच्यासमोर उकड नव्हती, तयार पाट्या होत्या, आणि त्या खाणीतून कुठून कशा निघाल्या, कोणत्या बाजूला तोंड करून, हे त्याला कोण सांगणार होतं? वेटश्टाइनने तेच पाहिलं: पाटीवर मासा कुठल्या दिशेला पडला आहे आणि त्याचा आकार कसा आहे, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत.

मग मी भिंग घेऊन तिन्ही छापण्यांतले मणके मोजले. पहिल्यात वीस. दुसऱ्यात वीस. तिरप्यात वीस. मणका लांब झाला, रुंद झाला, समांतरभुज झाला, पण एकाचे दोन झाले नाहीत आणि दोनाचा एक झाला नाही. पट्टीने मापलेलं सगळं दगडाने बदललं होतं, बोटाने मोजलेलं काहीच नाही. वर्गात मी अनेक वर्षं मापन आणि गणन यांतला फरक शिकवला, फळ्यावर दोन रकाने करून. असा कधीच नाही शिकवला. आता वर्ग नाही, त्याला काय करणार.

विद्यार्थ्याला उकडीचा फोटो पाठवला आणि त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही. ही वाकटी नव्हे, वाकटीची चुलत बहीण. जवळचं नातं लेपिडोपसशी, जो आजही थोड्या खोल पाण्यात असतो आणि ज्याचे मणके शंभराच्या थोडेच वर असतात. त्याच्या शेपटीला छोटासा दुभंगलेला पंख असतो, आपल्या बळ्याला नसतो. काही तज्ज्ञ तर या जीवाश्मालाही लेपिडोपसच म्हणतात, वेगळी प्रजाती मानत नाहीत. म्हणजे नावांचं भांडण अजून मिटलेलं नाहीच.

तो रविवारी पुन्हा त्या पाट्या बघायला गेला आणि पाटीवर तोंड लावून मोजायचा प्रयत्न केला. मधला भाग घासला गेलेला, त्याला ६८ पर्यंत जाता आलं. "बाई, मान दुखली," असं लिहिलं होतं. मला फार बरं वाटलं.

सासूबाईंना उकडीचं कळलंच. कोळशाचे डाग पाटावर राहिले होते. चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सांगाडा खिडकीशी नेऊन भिंग मागितलं आणि काट्यांची ती जोडणी बराच वेळ पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "पाठीचो काटो ह्याच्यामुळे अख्खो निघतो होय." आणि भिंग परत दिलं.

पुढच्या आठवड्यात बंदरावर गेले तर मावशी मला लांबूनच ओळखून हसली. "बाय, मोजून झाला?"

"झाला. एकशे एक्कावन्न."

"कमी हाय का जास्ती?"

"कमी. शेपूट तुटलेलं होतं." मी तिला सांगणार होते, दुसऱ्या बळ्याने चावलं असेल म्हणून. तोंड उघडलंही होतं.

"ता व्हय," ती बर्फ सारखा करता करता म्हणाली. "ता मीच तोरला. पाटीच्या भायेर लोंबत व्हता, कुत्रा वढीत व्हता."